मेलेल्यांचं दार

९ सप्टेंबर

लोरेदाना येऊन गेली. नगराध्यक्ष झाली तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून "बाई, येऊ का?" असंच विचारते. चौथीत हिचा कान माझ्या चिमटीत असायचा, ते अजून विसरली नसावी.

बातमी अशी की, सुंदर गावांची पाटी आमच्या कास्तेलविरिओला द्यायची की नाही हे ठरवायला ऑक्टोबरात समिती येणार आहे. पाटी मिळाली तर प्रवासी येतील, प्रवासी आले तर बेकरी चालू राहील, असं तिचं म्हणणं. शाळा बंद झाली, पोस्ट गेलं, बस मनात येईल तेव्हा येते. बेकरीसुद्धा गेली तर पावासाठी डोंगर उतरावा लागेल, हे खरंच आहे.

"आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं. "बुरूज काय, प्रत्येक टेकडीवर आहे. चौकातलं टाकं आहे, त्यात कबुतरं पडतात. नगरपालिकेच्या भिंतीवर जुन्या बाजारासाठीचं विटेचं नि कापडाचं माप कोरलंय, त्याला टेकून पोरं सिगारेटी ओढतात. मदोन्नाचं, मेरीमातेचं, चित्र होतं, ते ओलीनं खाल्लं."

"तुमच्याकडे दार आहे ना, बाई."

हे येणार हे मला माहीतच होतं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

आमच्या घराला दोन दारं. एक येण्याजाण्याचं. त्याच्या शेजारी दुसरं, अरुंद, वर टोकदार कमान, गल्लीपासून माझ्या कमरेइतक्या उंचीवर, खाली पायरी नाही. मेलेल्यांचं दार. घरातलं माणूस गेलं की शवपेटी या दारातून बाहेर द्यायची आणि मागोमाग दार विटांनी बुजवायचं, म्हणजे गेलेल्याला परतीची वाट सापडत नाही. नेहमीच्या दारानं नेलं तर त्याची वाट पायाखालची. तो परत येतो. ही लोकांची समजूत. मी जन्मभर पोरांना आणि पाहुण्यांना सांगत आले की ही सगळी बाष्कळ बडबड आहे. त्या दाराला लाकडी शिडी लावायचे आणि दंगेधोप्यात ती आत ओढून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्यांच्या दारांच्या खिडक्या झाल्या, एकाच्यात गॅसचा मीटर बसला. कमान शाबूत राहिली ती आमचीच, पोटात विटा घेऊन.

शेवटची त्यातून गेली ती आमची आई. मी पाच वर्षांची होते. मला ओल्या चुन्याचा वास तेवढा आठवतो.

१० सप्टेंबर

सेत्तीमिओला विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं.

"मी असेपर्यंत त्या विटांना हात लावायचा नाही," तो सूप ढवळत म्हणाला.

"तू असेपर्यंत म्हणजे मी शंभरीची होईन."

"मग शंभराव्या वर्षी उघड. कोण नको म्हणतंय."

माझा भाऊ चाळीस वर्षं गावची बस चालवून निवृत्त झाला. घरातलं सगळं त्याला बसच्या भाषेतच कळतं. म्हणे, "मास्तरीणबाई, दोन दारं कशाला असतात? पुढून चढायचं, मागून उतरायचं. उतारू नसताना मागचं दार उघडून गाडी हाकत नाहीत." अशा माणसाशी काय बोलायचं? दगडावर डोकं आपटून घेतल्यासारखं होतं. मसुराचं सूप तसंच टाकून उठला. हल्ली ताटात काहीतरी टाकायचं हा नवा हट्ट.

२१ सप्टेंबर

आजचा चमत्कार. बाजारातून आले तर खालच्या खोलीत सेत्ती आणि जिनेसिओ भिंतीला टेप लावून दाराची रुंदी मोजत होते. जिनेसिओ म्हणजे त्याचा जन्माचा सोबती, गावातला शेवटचा गवंडी. मला बघून दोघं पोरांसारखे गप्प झाले.

"बसेल ना रे?" सेत्तीनं हळूच विचारलं.

"बसेल. तू काही फार रुंद नाहीस," असं काहीसं जिनेसिओ पुटपुटला आणि टेप खिशात टाकून निघून गेला. कॉफी विचारली तर थांबलासुद्धा नाही.

म्हणजे विरघळला म्हणायचा आमचा दगड. आपल्या तोंडानं हो म्हणणं जिवावर येतं, म्हणून हे असं चोरून मोजमाप चाललंय. मी काही बोलले नाही. त्याचा मान ठेवायला हवा. लोरेदानाला फोन करून कामाला लागायला सांगितलं.

२९ सप्टेंबर

वारसा खात्याला मीच पत्र लिहिलं. विटा काढून तिथे जाड काच, लोखंडी चौकट दगडात खोल रोवून, आत मंद दिवा. एक अट मी आग्रहानं घातली: काच कायमची बंद असावी, कुणालाही कोणत्याही कारणानं उघडता येऊ नये. लोक हात घालतात, सिगारेटची थोटकं टाकतात, मला ठाऊक आहे आपले लोक. खात्यानं आठवड्यात मंजुरी दिली. लोरेदाना म्हणाली, बाई, तुमच्या पत्राची भाषाच अशी असते की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पाटीवर खाली बारीक अक्षरात माझं नाव येणार आहे.

६ ऑक्टोबर

सेत्ती तपासण्यांसाठी शहरातल्या हॉस्पिटलात गेलाय, जिनेसिओ गाडीतून घेऊन गेला. तीन-चार दिवस ठेवून घेणार म्हणे. गुडघा असणार, बस चालवून चालवून त्याचा उजवा गुडघा कधीच कामातून गेलाय. मी येते म्हटलं तर, "तू आलीस की डॉक्टरांनाच शुद्धलेखन शिकवशील," म्हणून मला घरी बसवलं.

बरंच झालं. उद्या शहरातून कामगार येताहेत. तो परत येईपर्यंत धूळसुद्धा उरणार नाही. त्याला एकदम तयारच दाखवायचं.

८ ऑक्टोबर

विटा निघाल्या. आत उजेड आला, तेव्हा खरोखर अंगावर काटा आला. खालच्या खोलीत दुपारी ऊन पडतं हे मला माहीतच नव्हतं. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला आहे. म्हणजे इतकी माणसं यातून गेली. किंवा इतक्या शिड्या लागल्या. मी माझं म्हणणं सोडत नाही.

उंबऱ्यावर उभं राहून खाली गल्लीत बघितलं आणि डाव्या कोपरात एकदम कळ आली. ते कोपर लहानपणापासून वाकडंच आहे, अंजिराच्या झाडावरून पडले होते म्हणे. थंडी सुरू झाली, दुसरं काय.

१० ऑक्टोबर

आला. गल्लीच्या तोंडाशी जिनेसिओच्या गाडीतून उतरला, चार पावलं आला आणि थांबला. टोपी काढली. कितीतरी वेळ तसाच उभा. काचेमागे दिवा लावून ठेवला होता, कमानीचे दगड मधासारखे दिसत होते. मी दारात हात पुसत उभी होते. वाटलं, जिंकलं.

"छान दिसतंय," तो म्हणाला. मग जवळ येऊन चौकटीवरून बोटं फिरवली. "हे उघडायचं कसं?"

"उघडायचं नाहीच. तीच तर गंमत आहे. कुणी म्हणजे कुणी उघडू शकणार नाही, मी तसं लिहूनच घेतलंय."

जिनेसिओनं तोंड उघडलं. सेत्तीनं त्याच्या दंडाला धरलं आणि स्वतःच हसला.

"म्हणजे मागचं दार लॉक," म्हणाला. "बरं, बरं. मास्तरीणबाईंनी केलंय म्हणजे नीटच असणार."

जिनेसिओ गाडीत बसून निघून गेला. या माणसाला आता माझा हेवा वाटायला लागला की काय? त्याला काम दिलं नाही म्हणून फुगला असणार.

१९ ऑक्टोबर

समिती आली. चार जण, चौघांचे चष्मे एकसारखे. टाकं बघितलं, मापं बघितली, मदोन्नासमोर चुकचुकले. आमच्या दारासमोर मात्र खिळून राहिले. एकीनं फोन काढून काचेतून फोटो घेतला आणि मग दचकून मागं सरली. आत सेत्ती होता. गुडघ्यामुळे तो खालच्याच खोलीत झोपतो, दुपारी खुर्चीत पडला होता पांघरूण घेऊन. त्यानं डोळे उघडले आणि समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला करतात तसा हात वर केला.

नंतर म्हणतो, "मेलोय असं वाटलं का गं त्यांना?"

"जरा दाढी केली असतीस तर नसतं वाटलं."

"पुढच्या वेळी करतो."

मी पडदा लावायचं म्हटलं. लोरेदाना म्हणाली, "पडद्यानं सगळी मजा जाईल, बाई. निदान निकाल लागेपर्यंत राहू द्या." सेत्तीही म्हणाला, राहू दे, ऊन येतं. खुर्ची मात्र त्यानं फिरवून घेतली आहे. आता तो दाराकडे पाठ करून बसतो.

३० ऑक्टोबर

खात नाही. आज त्याच्या आवडीची चेस्टनटची लापशी केली, दोन चमचे खाऊन, "पोट भरलं," म्हणे. मी फाडफाड बोलले. इतक्या म्हाताऱ्या माणसाचे लाड करायला मी काय त्याची आई आहे? तो म्हणाला, "आईनं एवढं बोलून दाखवलं नसतं." मी म्हटलं, "आईनं तुला सहन केलं ते थोडीच वर्षं." मग दोघंही हसलो. तपासणीचं काय झालं विचारलं तर म्हणतो, "वयाप्रमाणे आहे सगळं."

मला शर्टाची कॉलर सैल दिसते. नवे शर्ट आणायला हवेत, लहान मापाचे.

५ नोव्हेंबर

ऑलिव्ह उतरवायला सुरुवात झाली. सेत्ती या वर्षी आला नाही. मी घरी परतले तेव्हा तो काचेजवळ उभा होता, दोन्ही तळवे काचेवर टेकून. पूर्वी संध्याकाळी असाच विटांवर हात ठेवून उभा राहायचा. मला बघून म्हणाला, "गार आहे गं. विटा गार नसायच्या."

मी म्हटलं, हिवाळ्यात हीटर लावू.

१४ नोव्हेंबर

सेत्ती गेला. सकाळी मी कॉफी घेऊन गेले तेव्हा नव्हता.

१५ नोव्हेंबर

सगळ्या गावाला माहीत होतं. डॉक्टरला, बेकरीवाल्याला, जिनेसिओला तर जुलैपासून. पोटात होतं आणि पसरलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण त्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: तिला समितीचं होऊन जाऊ दे, कित्येक वर्षांनी एवढी खुशीत आहे.

मी गुडघा गुडघा करत बसले. एका घरात राहून, त्याचे शर्ट माझ्या हातानं धुऊन.

संध्याकाळी जिनेसिओ आला. माझ्याकडे बघेना. म्हणाला, "फाउस्ता, पेटी कुठल्या दारानं न्यायची?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

तेव्हा तो बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी टेप लावून मोजत होते ती पेटी बसेल का ते. सेत्तीनं त्याच्याकडून शब्द घेतला होता: मी गेलो की विटा तू काढ, माझ्याच हातच्या आहेत त्या, आणि आईला नेलं तिथून मला ने. बस, एवढंच मागितलं होतं.

"त्याच्या हातच्या?" मी विचारलं. "बुजवायला गवंडी आला होता ना?"

"तुमचे वडील तेव्हा बेल्जियमच्या खाणीत. कोण बोलावणार गवंडी? खरं तर सेत्तीला दार बुजवायचंच नव्हतं. आई परत आली तर येऊ दे म्हणायचा. पण तू सारखी त्या उंबऱ्यावर जाऊन बसायचीस. आई इथून गेली, मीपण जाते, म्हणून एक दिवस उडी मारलीस आणि हात मोडून घेतलास. तरी प्लास्टरसकट परत उंबऱ्यावर. मग आम्ही दोघांनी मिळून विटा लावल्या. चौदा वर्षांचा होता. लावताना रडत होता."

"मी अंजिराच्या झाडावरून पडले होते."

"तुमच्या अंगणात अंजीर कधी होतं, फाउस्ता?"

नव्हतं. मी पासष्ट वर्षांत एकदाही हा विचार केला नाही. दुसऱ्यांच्या पोरांना प्रश्न विचारायला शिकवत होते.

१६ नोव्हेंबर

सकाळी वारसा खात्याला फोन केला. लागला, पण ज्यांची सही लागते ते सोमवारी येणार होते. पेटी आजच न्यायची. लोरेदाना रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुमच्या पत्रातच आहे, कोणत्याही कारणानं उघडू नये." मी तिला म्हटलं, माझं पत्र मला वाचून दाखवू नकोस.

जिनेसिओला म्हटलं, "फोड."

त्यानं हातोडा आणला होता, म्हणजे त्याच्याही मनात तेच होतं. चौकट बघितली, दगड बघितला, हातोडा खाली ठेवला. "चौकट कमानीत आत घुसवलीय. काच फुटेल की नाही सांगता येत नाही, पण कमान नक्की येईल. तुझ्या अंगावर, नाहीतर त्याच्या पेटीवर."

मी हातोडा उचलला. मला थांबवायला तो पुढे आला नाही. एकच घाव घातला. माझ्या वाकड्या हातात कितीसा जोर असणार? काच फुटली नाही. मधोमध एक पांढरा चट्टा पडला, हाताच्या पंजाएवढा. मी तिथेच खाली बसले. किती वेळ रडले ते माहीत नाही, गल्लीत लोक काळे कपडे घालून उभे होते आणि सगळ्यांना आतलं दिसत होतं. दिवासुद्धा चालू होता.

मग त्याला नेहमीच्या दारानं नेलं. ज्या दारानं तो बस लावून यायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि आज सूप कसलं आहे म्हणून विचारायचा. जिनेसिओ पेटीच्या पुढच्या टोकाला होता. उंबऱ्यावर क्षणभर अडखळला आणि पेटीकडे वाकून म्हणाला, "माफ कर रे, आज पुढूनच उतरावं लागतंय."

३ डिसेंबर

पाटी मिळाली. पत्रात आमच्या दाराचा खास उल्लेख आहे. लोरेदाना पत्र वाचून दाखवायला आली होती, अर्ध्यातच तिनं ते घडी करून ठेवलं. मी म्हटलं, चांगली गोष्ट आहे, बेकरी राहील. तिनं काच बदलून देते म्हटलं, चट्टा वाईट दिसतो. मी नको म्हटलं. माझं नाव काढून टाका, एवढं मात्र सांगितलं.

कॉलर लहान असलेले दोन शर्ट आणून ठेवले होते. ते जिनेसिओला होत नाहीत.

७ जानेवारी

सणाचे दिवस, त्यामुळे बरेच प्रवासी आले. आज उत्तरेकडचं एक जोडपं आलं, बाई पोटुशी. तिनं नेमकं तेच विचारलं, सगळे विचारतात ते: "गेलेला परत येऊ नये म्हणून बुजवायचे, हे खरंय का हो?"

इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं उत्तर ओठांपर्यंत आलं. शिडी, दंगेधोपे, लोकांच्या समजुती.

"खरंय," मी म्हटलं. "इथून गेलेलं माणूस परत येत नाही. माझी आई इथूनच गेली."

"आणि दुसऱ्या दारानं गेलं तर?"

तिचा नवरा तिला कोपरानं ढोसत होता, चल म्हणून. मी त्यांना टाक्याकडे जायची वाट दाखवली आणि घरात आले.

सेत्तीची खुर्ची मी परत फिरवून ठेवली आहे, आता ती पुढच्या दाराकडे तोंड करून आहे. टोपी खुंटीला आहे. संध्याकाळी मसुराचं सूप करते, दोघांचं होतं, मापच तसं बसलंय हाताला. जिनेसिओ परवा म्हणत होता, थंडी केवढी पडलीय आणि तू दार लोटून काय ठेवतेस, कडी घाल. त्याला म्हटलं, घालते.

घालत नाही. सेत्ती सूप टाकून उठला तर या वेळी मी एक शब्द बोलणार नाही.